तापणाऱ्या फरशीखालची वायर: टिळकवाडीतील एका न्हाणीघराचे प्रकरण

बेळगावच्या टिळकवाडीतील एका जुन्या बैठ्या घराचे न्हाणीघर हा या प्रकरणाचा विषय आहे. लांबी २.४ मीटर, रुंदी १.८ मीटर, जमिनीवर ३०० मिलिमीटर चौरस मापाच्या ४८ व्हिट्रिफाइड फरशा, एका कोपऱ्यात कमोड, समोर बेसिन आणि खिडकीखाली आंघोळीची जागा. घरातील आजींचे वय ७८ असून त्यांना संधिवाताचा जुना त्रास आहे. आठ वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा मुलगा स्वीडनमधील नोकरीतून रजेवर आला, तेव्हा त्याने येताना फरशीखाली अंथरायची विजेची तापणारी मॅट आणली आणि आईसाठी हे न्हाणीघर नव्याने करून घेतले. तिकडे न्हाणीघराची फरशी तापवणे ही रोजच्या वापरातली सोय आहे. आपल्याकडे बांधकामाच्या माझ्या बावीस वर्षांत मी अशी तीनच न्हाणीघरे पाहिली. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १३-१४ अंशांपर्यंत उतरतो, आणि त्या वेळी उघड्या तळव्यांना फरशी कशी झोंबते ते सांधे आखडलेल्या माणसालाच विचारावे.

गेल्या डिसेंबरात दोन तक्रारी एकदमच पुढे आल्या. कमोडजवळच्या फरशा पायाखाली पोकळ वाजू लागल्या होत्या आणि त्यांतल्या एकीची कड नखभर वर आली होती. शिवाय सकाळी आंघोळ झाल्यावर फरशीचे बटण चालू केले की घराची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका, पडत असे. सुनेने आधी फरशी बसवणाऱ्या मेस्त्रींना बोलावले. त्यांनी उचललेल्या कडेखाली छन्नी घातली, फटीतून प्लॅस्टिकच्या जाळीचा तुकडा दिसला आणि त्यांनी लगेच हात आवरला. मला फोनवर त्यांनी एवढेच सांगितले, “साहेब, खाली कायतरी वायर हाय. तुम्ही आल्याबिगर मी हातोडा मारत नाही.” पुढे या कामात जे काही नीट झाले, त्याचे मोठे श्रेय या एका वाक्याला आहे.

येथे मॅटची रचना सांगणे आवश्यक आहे. काचतंतूच्या किंवा प्लॅस्टिकच्या जाळीवर तीन-चार मिलिमीटर जाडीची वायर नागमोडी वळणांनी चिकटवलेली असते. तिच्या आत तापणारी तार, तिच्याभोवती इन्सुलेशन, त्यावर तांब्याच्या बारीक तारांची विणलेली जाळी आणि सर्वांत वर बाहेरचे आवरण असते. विणलेली जाळी अर्थिंगला जोडतात. ही सबंध मॅट फरशी चिकटवण्याच्या थरातच गाडली जाते. म्हणजे फरशी वर आणि वायर खाली अशा दोन स्वतंत्र वस्तू तेथे नसतात. थर आवळला की त्या एकजीव होतात. साध्या न्हाणीघरात फुटलेली फरशी ठोकून काढायची आणि दुसरी बसवायची, एवढेच काम असते. येथे छन्नीचा पहिला घाव घालण्याआधी ‘वायर जिवंत आहे का, आणि ती ठेवायची आहे का’ या प्रश्नाचे उत्तर हातात असावे लागते.

ते उत्तर मीटरने मिळते. मुख्य फळीवरचा त्या वाटेचा एमसीबी (जादा प्रवाह आल्यास वीज तोडणारा खटका) पाडून त्यावर चिकटपट्टी लावली आणि भिंतीतला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान राखणारे उपकरण, सोडवून बाहेर काढला. मेगर, म्हणजे वायरच्या आवरणाचा रोध मोजणारे यंत्र, जोडण्यापूर्वी थर्मोस्टॅट वेगळा करणे अनिवार्य आहे, कारण ५०० व्होल्टच्या चाचणीत त्याच्या आतील नाजूक मांडणी जळते. सुदैवाने मुलाने मॅटच्या खोक्यावरील लेबलाचा फोटो ठेवला होता: क्षेत्र २.५ चौरस मीटर, शक्ती ३७५ वॅट, २३० व्होल्ट. व्होल्टेजच्या वर्गाला शक्तीने भागले की रोध निघतो. २३० गुणिले २३० भागिले ३७५ म्हणजे १४१ ओहम. उत्पादक साधारणपणे उणे ५ ते अधिक १० टक्के फरक मान्य करतात, म्हणजे १३४ ते १५५ ओहमच्या दरम्यानचे माप योग्य. आमच्या मीटरने १४३.६ ओहम दाखवले. तार कोठेही तुटलेली नव्हती.

पुष्कळ जण येथेच थांबतात आणि वायर चांगली असल्याचा निर्वाळा देतात. तार सलग आहे आणि तिचे आवरण शाबूत आहे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मेगरचे एक टोक तारेला आणि दुसरे विणलेल्या जाळीला लावल्यावर चांगल्या मॅटवर शेकडो मेगओहम दिसायला हवेत. आम्हाला दिसले ०.०१ मेगओहम, म्हणजे केवळ दहा हजार ओहम. २३० व्होल्टला त्यातून २३ मिलिॲम्पिअरपर्यंत गळती होऊ शकते, आणि ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी तिच्या मानकानुसार १५ ते ३० च्या दरम्यान कोठेही पडू शकते. बटण चालू केले की आरसीसीबी का पडते याचा हिशेब लागला. बैलहोंगलकडचे आमचे कन्नडभाषक इलेक्ट्रिशियन मीटरकडे पाहत म्हणाले, “नीर होगिदे.” पाणी आत गेले आहे, हे त्यांनी दोन शब्दांत सांगितले. खात्री करण्यासाठी न्हाणीघर पाच दिवस पूर्ण कोरडे ठेवले. घरच्यांनी परसातल्या जुन्या न्हाणीत आंघोळी उरकल्या. सहाव्या दिवशी तेच माप १.८ मेगओहमपर्यंत चढले. वाळल्यावर सुधारणारे आणि भिजल्यावर घसरणारे माप म्हणजे आवरणाला कोठेतरी इजा झालेली असणे, याबद्दल मग शंका उरली नाही.

इजा कोठे आहे हे शोधण्यासाठी उद्यमबागेतील एका कारखान्याच्या देखभाल विभागातून थर्मल कॅमेरा अर्ध्या दिवसासाठी मागून आणला. फाउंड्र्यांमध्ये तापलेले पॅनेल आणि सैल जोड हुडकण्यासाठी तो वापरतात. न्हाणीघर कोरडे असताना, आत कोणालाही पाऊल न टाकू देता, आरसीसीबी चालू ठेवून पंधरा मिनिटे मॅट तापवली आणि दारातून चित्र घेतले. राखाडी फरशीवर पिवळसर पट्टे उमटले, आठ-आठ सेंटिमीटरवर, शेत नांगरल्यासारखे. ते पाहून आजीही काठी टेकत दारापर्यंत आल्या. त्या पट्ट्यांपैकी दोन सरळ कमोडच्या पायाखाली शिरत होते. मॅट कमोडखाली कधीही जाता कामा नये, कारण तेथे उष्णता कोंडते आणि कमोड जमिनीला स्क्रूने आवळावा लागतो. चौकशी केल्यावर सुनेला आठवले की तीन वर्षांपूर्वी जुना कमोड बदलला होता. प्लंबरने नव्या कमोडसाठी जमिनीत दोन भोके पाडली होती. खाली वायर असल्याचे त्याला कोणी सांगितले नव्हते आणि घरात तसा एकही कागद नव्हता. त्या माणसाला मी दोष देत नाही.

कमोड हलवून उजव्या बाजूच्या भोकाजवळची फरशी काढली, तेव्हा इजा डोळ्यांनी दिसली. ड्रिलच्या पात्याने वायरची एक कूस सोलून काढली होती. बाहेरचे आवरण तांदळाच्या दाण्याएवढ्या लांबीचे गेलेले, त्याखालच्या तांब्याच्या जाळीच्या तीन-चार तारा तुटून ब्रशच्या केसांसारख्या उभ्या राहिलेल्या, आणि त्या चमकदार असण्याऐवजी मोरपंखी हिरव्या पडलेल्या. मधली तार मात्र अभंग होती. म्हणूनच फरशी तापत होती आणि सगळे ठीक आहे असे घरच्यांना वाटत होते. कमोड धुताना वापरलेले ॲसिड याच भोकातून झिरपले असणार. बाजारात ‘बाथरूमचे ॲसिड’ म्हणून मिळणारे पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल सिमेंटचा सांधा खाते, हे मी भेटेल त्या गृहिणीला सांगतो. या घरातल्या फरशांमधला ग्राउट, म्हणजे सांध्यातले भरण, बोटाने खरवडला तरी भुकटी होऊन निघत होता.

फरशा सुटण्याचे कारण निराळे होते. लाकडी दांड्याने एकेक फरशी ठोकून पाहिली तर ४८ पैकी १९ पोकळ निघाल्या. त्यांतल्या चार हातानेच उचलल्या गेल्या. उलट्या करून पाहिल्या तर पाठीवरचे चौकोनी खाचांचे नक्षीकाम जवळजवळ कोरे होते आणि भट्टीतून येताना पाठीला असते ती पांढरी पूडसुद्धा तशीच होती. व्हिट्रिफाइड फरशी अर्धा टक्कादेखील पाणी शोषत नाही. शहाबादी किंवा मातीच्या फरशीखाली सिमेंटची पातळ स्लरी ओतली की ती सच्छिद्र पाठीत शिरून धरते. आपल्या मेस्त्रींचे हात पिढ्यान्‌पिढ्या त्याच पद्धतीवर तयार झाले आहेत. मोरबीहून येणाऱ्या या काचेसारख्या घट्ट फरशीला मात्र स्लरी नुसती टेकून राहते. त्यात फरशा एकमेकींना आणि चारही भिंतींना चिकटवून, मध्ये कागदाएवढीही फट न सोडता बसवल्या होत्या. फरशी १६ अंशांवरून ३० वर गेली की २.४ मीटर लांबीत सिमेंटचा थर सुमारे ०.३५ मिलिमीटर आणि फरशी सुमारे ०.२ मिलिमीटर वाढते. आकडा लहान दिसतो, पण आठ हिवाळे रोज दोनदा हा ताण बसला, पसरायला जागा नव्हती आणि पकड मुळातच कच्ची होती. फरशांनी वर उठावे, यात नवल नव्हते.

आता निर्णय. वायरची इजा एकाच जागी असेल तर तो तुकडा कापून, क्रिंप (तारेवर दाबून बसवायची धातूची नळी) आणि उष्णतेने आवळणारी नळी लावून जोड देता येतो, आणि असे दुरुस्तीचे संच मिळतात. दोन-तीन फरशांपुरते काम असते तर मी तेच केले असते. पण १९ फरशा सुटल्या होत्या आणि उरलेल्या २९ पक्क्या होत्या. नमुन्यादाखल पक्क्यांपैकी एक काढली तेव्हा तिच्याबरोबर जाळी आणि वायर दोन्ही ओरबाडून वर आल्या. जुनी मॅट वाचवून फरशी बदलणे येथे शक्य नव्हते. तेव्हा पर्याय दोनच राहिले: तापणारी फरशी कायमची सोडून देणे किंवा सर्व काढून नव्याने करणे.

माझे पहिले मत सोडून देण्याच्या बाजूचे होते, हे नोंदवले पाहिजे. आपल्याकडची थंडी अडीच-तीन महिन्यांची, ओल्या जागेत विजेची वायर, आणि भिंतीवर हीटर लावणे सोपे. आजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “इंजिनियर, हीटरनं तोंड तापतं रे बाबा. माझे पाय खाली असतात.” त्यांची सून म्हणाली की फरशी तापायला लागल्यापासून आई पहाटे कोणाच्या आधाराशिवाय न्हाणीघरात जातात, आणि गेल्या पंधरवड्यात ते बंद झाले आहे. त्यानंतर मी माझे मत बदलले. तापलेल्या फरशीचा दुसरा गुण मी हिशेबात धरलाच नव्हता: ती पाण्याचे थारोळे लवकर सुकवते, आणि ७८ वर्षांच्या माणसाला सांधेदुखीइतकाच धोका निसरड्या जमिनीचा असतो. खर्चाच्या बाजूने पाहिले तर फोडकाम, जलरोधन आणि फरशी हे सर्व करावे लागणारच होते. मॅट आणि थर्मोस्टॅटचा वाटा एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्श्याहून कमी येत होता.

जुना ६५ मिलिमीटरचा बेड, म्हणजे फरशीखालचा सिमेंटचा थर, खालच्या काँक्रीटपर्यंत काढला. तेथे आणखी एक उणीव दिसली. मॅटखाली उष्णतारोधक असे काहीच नव्हते, त्यामुळे निम्मीअधिक ऊब बेडमध्ये आणि त्याखालच्या जांभ्या मातीच्या भरावात जिरत होती. फरशी पायाला उबदार लागायला अडीच तास लागत, असे घरचे सांगत होते. त्याचे कारण हेच.

काँक्रीटवर पॉलिमरमिश्रित सिमेंटच्या जलरोधकाचे दोन हात, कोपऱ्यांत काचतंतूची पट्टी आणि भिंतीवर ३०० मिलिमीटर चढवलेला तोच थर, एवढे करून नहाणी ट्रॅपला, म्हणजे सांडपाणी निघून जाण्याच्या तोंडाला, बोळा घातला आणि ४८ तास पाणी कोंडून ठेवले. पातळी उतरली नाही. नवा बेड ४५ मिलिमीटरचा केला आणि ट्रॅपकडे दर मीटरला १२ मिलिमीटर ढाळ दिला. बेडची जाडी कमी करण्यामागे उंबऱ्याचा हिशेब होता, कारण वर आणखी थर चढणार होते आणि न्हाणीघराची जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा किमान २० मिलिमीटर खाली राहायला हवी होती. त्यावर सिमेंटचा लेप असलेले १० मिलिमीटर जाडीचे, उष्णता अडवणारे एक्सपीएस फोमचे तक्ते चिकटवले. मग मॅट अंथरली: कमोड आणि बेसिनचा पाया वगळून, भिंतीपासून ७५ मिलिमीटर आणि ट्रॅपपासून १५० मिलिमीटर दूर. वळवण्यासाठी जाळी कापता येते, वायर कधीही नाही, आणि वायरचे दोन पदर एकमेकांना टेकू देता कामा नयेत. थंड शेपूट (मॅटला वीज पुरवणारी, न तापणारी वायर) आणि तापणारी वायर यांचा जोड भिंतीत न घेता जमिनीतच ठेवला. तापमानाचा सेन्सर दोन पदरांच्या मधोमध, टोक बंद केलेल्या नळीतून घातला, म्हणजे तो बिघडला तर फरशी न फोडता ओढून बदलता येईल.

मॅट झाकण्याच्या पायरीवर थोडा मतभेद झाला. साहित्य विकणाऱ्याने आपोआप सपाट होणारे लेव्हलिंग कंपाउंड सुचवले होते. सपाट जमिनीवर ते उत्तम आहे, पण न्हाणीघरात ढाळ असतो आणि असे कंपाउंड स्वतःहून ढाळ बुजवून टाकते. आम्ही लवचीक टाइल ॲडहेसिव्हचाच पातळ थर प्लॅस्टिकच्या रंध्याने ओढून वायर झाकली. लोखंडी थापीची कड वायरला लागली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तो थर वाळल्यावर जलरोधकाचा आणखी एक हात दिला. खाली एक जलरोधन असताना वर दुसरे कशासाठी, असे मेस्त्रींनी विचारले. खालचे जलरोधन घर वाचवते, वरचे वायर वाचवते.

काम चालू असताना मीटर तारेला सतत जोडून ठेवला होता आणि माप हलले की सूचना देणारा बझर लावला होता. पहिल्या दिवशी मेस्त्रींना तो जाच वाटला. दुसऱ्या दिवशी बझर लावल्याशिवाय ते स्वतःच कामाला हात लावेनात. खोक्यातून काढल्यावर १४०.८ ओहम, अंथरल्यावर १४०.९, फरशी बसल्यावर १४१.२, आणि तिन्ही वेळा मेगरवर ५०० मेगओहमच्या वर.

फरशी बिनचकाकीच्या पृष्ठभागाची, न घसरणारी घेतली. आयएस १५४७७ : २०१९ हे टाइल ॲडहेसिव्हचे भारतीय मानक आहे, पिशवीवर ते छापलेले आहे, प्रकार व्हिट्रिफाइड फरशीसाठीचा आहे आणि माल लवचीक आहे, एवढे पाहूनच तो घेतला. प्रत्येक फरशीची पाठ ओल्या फडक्याने पुसली, जमिनीवर दातेरी थापीने आणि पाठीवर सपाट थापीने ॲडहेसिव्ह लावले, ३ मिलिमीटरचे स्पेसर घातले आणि चारही भिंतींलगत ८ मिलिमीटर फट सोडून ती नंतर सिलिकॉनने भरली. सांधे इपॉक्सी ग्राउटचे केले. मधूनमधून एखादी ताजी बसवलेली फरशी उचलून पाठ पाहिली; तीन वेळा ती पूर्ण माखलेली होती, एकदा कोपरा कोरा निघाला आणि ती फरशी पुन्हा बसवली. कमोड या वेळी जमिनीत भोके न पाडता भिंतीला टांगण्याचा घेतला.

विजेच्या बाजूने या मॅटला स्वतंत्र एमसीबी आणि स्वतंत्र ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी दिली, आणि थर्मोस्टॅट न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर लावला. फरशीची मर्यादा २८ अंशांवर बांधली. युरोपीय मानकात न्हाणीघरासाठी ३३ अंशांपर्यंत मुभा आहे, पण म्हाताऱ्या माणसाची त्वचा पातळ असते. खानापूर किंवा चिकोडीकडच्या खेड्यांत कोणी असे काम करणार असेल तर तेथील व्होल्टेज आधी मोजावे. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते. २३० ऐवजी २४५ व्होल्ट आले तर हीच मॅट १३ टक्के जास्त तापेल, आणि सेन्सर नीट बसलेला असेल तरच ती वेळेवर थांबेल.

फरशी बसल्यावर आजींची एकच तक्रार राहिली. काम संक्रांतीच्या आत आटोपले होते आणि मी आणखी २८ दिवस बटणाला हात लावू दिला नाही. ॲडहेसिव्ह आणि बेड पुरते आवळण्याआधी उष्णता दिली तर आतले पाणी घाईने निघून जाते आणि पकड पुन्हा कच्ची राहते. सर्व कष्ट करून जुन्याच दुखण्याला आमंत्रण दिल्यासारखे ते झाले असते. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे आपल्याकडे मराठीतही म्हणतात आणि कन्नडमध्येही, आणि आजी ते रोज ऐकवत होत्या. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मॅट पहिल्यांदा चालू केली, रोज दोन-दोन अंशांनी वाढवत. १९ अंशांवरून २८ वर जायला आता ४५ मिनिटे लागतात. थर्मोस्टॅट पहाटे पाचला चालू होऊन सातला बंद होतो, म्हणजे फार तर पाऊण युनिट.

पावसाळ्यानंतर, भिंती सर्वांत ओल्या असताना, मेगर पुन्हा लावून पाहिला. माप ५०० च्या वरच होते आणि एकही फरशी पोकळ वाजली नाही. मॅट झाकण्यापूर्वी दारातून घेतलेला फोटो, भिंतींपासूनची अंतरे लिहिलेला नकाशा आणि आता चौथ्या मापाची भर पडलेला तक्ता, असे तीन कागद प्लॅस्टिकमध्ये घालून मुख्य फळीच्या दाराला आतून चिकटवले आहेत. त्यावर सुनेने जाड पेनने मराठीत आणि खाली कन्नडमध्ये लिहिले आहे: न्हाणीघराच्या जमिनीत भोक पाडू नये, खाली वायर आहे.